रॅप करत राहू की लेबल काढू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी २८ वर्षांचा आहे. कॉलेजात असल्यापासून मराठीत रॅप करतो. गेल्या वर्षी एक गाणं चांगलं चाललं, तेव्हापासून शो मिळायला लागलेत. आता एका मोठ्या म्युझिक कंपनीने तीन वर्षांचा करार पुढे केला आहे. अ‍ॅडव्हान्स भरपूर आहे, पण जुनी-नवी सगळी गाणी कायमची त्यांच्या नावावर जातील. आमच्या ग्रुपमधले मित्र म्हणतात, आपलंच लेबल, म्हणजे गाणी बाहेर काढणारी कंपनी, सुरू करू. बीट बनवणारा आमच्यात आहे, व्हिडिओ करणारा आहे, शोचं बघणारा आहे. एक १७ वर्षांचा मुलगा आहे, तो माझ्यापेक्षा भारी लिहितो. त्याला पहिला आर्टिस्ट म्हणून साइन करायचं चाललंय. बाबा निवृत्तीच्या पैशातले काही द्यायला तयार आहेत. अमेरिकेतले जे-झी, मास्टर पी, आपल्याकडे डिवाइन, सगळे आधी रॅपर होते, मग मालक झाले. मग मीच का कुणाचा नोकर होऊ? पण रात्री भीती वाटते. लेबलच्या मागे लागलो की माझं लिहिणं थांबेल, आणि लोक म्हणतील, हा संपला म्हणून धंद्यात शिरला. काय करू?

प्रिय मित्र,

तुम्ही विचारलाय एक प्रश्न, पण पत्रात आहेत दोन, आणि ते एकमेकांत इतके गुंतलेत की तुमची झोप उडाली आहे. माझी गाणी माझ्याकडे कशी राहतील, हा पहिला. इतरांची गाणी बाहेर काढणारी कंपनी मी चालवावी का, हा दुसरा. पहिल्यासाठी लेबल काढावं लागत नाही. नीट वाचलेला करार, डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) स्वतःच्या नावाचं खातं आणि प्रत्येक गाण्यामागे एक सही केलेला कागद, एवढ्यावर भागतं. दुसरा प्रश्न मात्र आयुष्याची दहा वर्षं मागणारा आहे. कंपनीच्या कराराचा राग आला म्हणून तुम्ही तो हातात घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही ज्यांची नावं घेतलीत, त्यांच्या गोष्टी आपण सगळे शेवटाकडून ऐकतो. त्या जरा सुरुवातीपासून बघू.

जे-झीला कुठलीच कंपनी घेईना, म्हणून डॅमन डॅश आणि करीम बर्क यांच्यासोबत त्याने रॉक-अ-फेला हे लेबल उभं केलं. गाडीच्या डिकीतून सीडी विकल्या. पहिला अल्बम १९९६ साली आला. तुमच्या मित्रांना गोष्टीचा हा भाग तोंडपाठ असेल. पुढचा भाग असा, की १९९७ मध्ये त्यांनी लेबलचा अर्धा हिस्सा डेफ जॅम या मोठ्या कंपनीला विकला. २००४ मध्ये उरलेलाही विकला, आणि जे-झी त्याच डेफ जॅमचा अध्यक्ष म्हणून कामाला लागला. म्हणजे ज्याच्याकडे बघून तुम्ही ‘नोकर का होऊ’ म्हणता, तो स्वतः एका कंपनीत पदावर बसला होता. त्या सगळ्या व्यवहारात आपल्या जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क काही वर्षांनी परत मिळतील, अशी सोय त्याने करून घेतली, आणि त्याचं खरं शहाणपण मला तिथे दिसतं. नोकर आणि मालक अशी दोनच दारं त्याने कधी मानली नाहीत. कोणत्या कागदावर काय आपल्याकडे राहतं, हे तो बघत गेला.

आणि मैत्रीचं काय झालं? २००४ मध्ये तिघांची भागीदारी फुटली. २०२१ मध्ये डॅश त्या पहिल्या अल्बमचे हक्क एनएफटी (नेटवर विकता येणारं डिजिटल मालकीपत्र) करून लिलावात काढतोय, असा आरोप करत त्यांचीच कंपनी त्याच्याविरुद्ध कोर्टात गेली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. एका गाडीतून सीडी विकणारी माणसं पंचवीस वर्षांनी वकिलांमार्फत बोलत होती. तुमच्या मित्रांबद्दल शंका घ्यायला मी हे सांगत नाही. मैत्रीवर सगळं सोडलं, की शेवटी मैत्रीलाच त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून सांगते आहे.

मास्टर पीने आजोबांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या साधारण दहा हजार डॉलरमधून कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये आधी कॅसेट-सीडीचं दुकान टाकलं. नो लिमिट लेबल त्यातून निघालं. काउंटरच्या मागे उभं राहून तो रोज बघत होता, की लोक काय उचलतात, काय परत ठेवतात, कुठल्या कव्हरवर हात थांबतो. मग १९९६ मध्ये प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी त्याने जो करार केला, तो आजही रॅपच्या जगात दाखला म्हणून सांगतात: रेकॉर्डिंगची मालकी नो लिमिटकडेच, विक्रीतला ८५ टक्के वाटा नो लिमिटचा, १५ टक्के माल पोचवणाऱ्या प्रायॉरिटीचा. मोठ्या कंपनीकडे पाठ न फिरवता तिचे ट्रक त्याने आपल्या अटीवर वापरले. अशा अटी मागायची ताकद त्याच्याकडे होती, कारण आपला माल किती खपतो हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं. १९९८ या एका वर्षात त्या लेबलने वीसच्या वर अल्बम काढले. आणि २००३ मध्ये त्याच लेबलने दिवाळखोरी जाहीर केली. माणूस संपला नाही, पण त्या आकाराची कंपनी टिकली नाही.

डिवाइनही आधी सोनी म्युझिककडे होता. नाव झालं, प्रेक्षक तयार झाला, या धंद्यात कोण काय करतं ते जवळून दिसलं, आणि मग २०१९ मध्ये चैतन्य कटारिया यांच्यासोबत गल्ली गँग ही त्याची स्वतःची कंपनी उभी राहिली. दुसऱ्याच्या कंपनीत काढलेली वर्षं वाया गेली, असं त्याच्याकडे बघून तरी म्हणता येणार नाही.

पण तुमच्यासारख्या माणसाने नीट बघावं असं उदाहरण मला यांच्यापेक्षा टेक नाइन या रॅपरचं वाटतं. त्याचं नाव तुमच्या पत्रात नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा हा रॅपर वेगवेगळ्या लेबलांच्या करारांत अडकून बेजार झाला होता. त्याला ट्रॅव्हिस ओग्विन नावाचा माणूस भेटला. फर्निचरचा धंदा करणारा, संगीताच्या धंद्यात नवखा, पण हिशेबाचा पक्का आणि याच्या गाण्यांवर जीव असलेला. १९९९ मध्ये दोघांनी स्ट्रेंज म्युझिक काढलं. एकाने लिहायचं आणि स्टेज गाजवायचं, दुसऱ्याने पैसा, माणसं आणि कागद बघायचे. वर्षानुवर्षं दौरे, दौऱ्यात टी-शर्टपासून सगळ्या मालाची विक्री, हळूहळू दुसरे आर्टिस्ट. रेडिओवर फारसं न वाजता ती कंपनी टिकली. रॅपरचं लिहिणं थांबलं नाही, कारण दिवसभर फोन घेणारा माणूस दुसरा होता.

आता तुमच्या ग्रुपकडे बघा. बीट बनवणारा आहे, व्हिडिओवाला आहे, शोचं बघणारा आहे. ओग्विन कोण आहे? कुणाला बसून एक्सेलमध्ये आकडे भरायला आवडतं? कलाकाराचे पैसे वेळेवर गेले नाहीत तर रात्री कुणाला झोप लागत नाही? पत्रात असा माणूस मला दिसला नाही. तसा कुणी नसेल, तर ते काम तुमच्याच गळ्यात पडणार, कारण लेबल तुमच्या नावावर उभं राहणार. मग तुमची रात्रीची भीती खरी ठरेल. ती भीती तुम्हाला भित्रेपणा वाटते आहे. मला तरी पत्रातली सगळ्यात शहाणी ओळ तीच वाटली.

लेबलचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. बाहेरून दिसतं ते लॉन्च, पोस्टर, स्टुडिओतले फोटो. आतलं काम म्हणजे गाण्याच्या माहितीत गीतकाराचं नाव चुकलं म्हणून डिस्ट्रिब्युटरला पाठवलेले मेल, प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख असलेला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड कुठल्या व्हर्जनला दिला याची नोंद, यूट्यूबवर कुणीतरी टाकलेला कॉपीराइट क्लेम सोडवणं, आयोजकाकडे अडकलेल्या पैशांसाठी पाठपुरावा, टीडीएस, जीएसटी, आणि पडलेल्या गाण्यानंतर रडवेल्या आर्टिस्टशी रात्री एक वाजता बोलणं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. ते ज्याला ओझं वाटत नाही, त्याने लेबल जरूर काढावं. तुम्हाला ते आवडेल की नाही, हे आज तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. ते शोधायचा मार्ग आहे. तो सांगते, पण त्याआधी एक काम याच आठवड्यात करा.

तुमची आजवरची सगळी गाणी एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे कुणाचं आहे. ‘माझं’ असं घाईने लिहू नका. गाण्यात हक्कांचे निदान दोन थर असतात. एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा रेकॉर्डिंगचा, ज्याला आपण मास्टर म्हणतो. शब्द तुमचे असतील. पण हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, मित्राने सुचवून गायलं असेल तर त्याचा वाटा किती ठरला होता? बीट तुमच्या मित्राचं की नेटवरून लीजवर घेतलेलं? लीजवर घेतलं असेल तर ती पावती आणि अटी काढून वाचा. अशा बऱ्याच लीजमध्ये ठरावीक स्ट्रीमपर्यंतच परवानगी असते, तेच बीट आणखी दहा जणांना विकलेलं असू शकतं, आणि गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकायला मनाई असते. चाललेलं गाणंच जर स्वस्तातल्या लीजवर उभं असेल, तर विकायलाही तुमच्याकडे पुरतं काही नाही आणि राखायलाही नाही. आधी त्या बीटवाल्याला गाठून पुढचं लायसन्स घ्या.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत आपला कायदा बघतो, की ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी कुणी घेतली. तुम्ही घेतली असेल तर स्टुडिओची बिलं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, चॅट, सगळं जपून एका जागी ठेवा. डिस्ट्रिब्युटरचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे? यूट्यूब चॅनेलचा पासवर्ड कुणाकडे? मित्राने आपल्या फोनवरून काढलेलं चॅनेल असतं, आणि भांडणाच्या दिवशी कळतं की सगळ्या व्ह्यूजची किल्ली भलत्याच्या खिशात आहे. हे आज, सगळे हसत-खेळत असताना सरळ करून घ्या. प्रत्येक गाण्याला एक पान पुरतं: कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, कुणी गायलं, कुणाचे किती टक्के, आणि सगळ्यांच्या सह्या. बाहेर याला स्प्लिट शीट म्हणतात. पुढचं गाणं या पानाशिवाय अपलोड करू नका.

त्याच सोबत आयपीआरएसचं सभासदत्व घ्या, गीतकार म्हणून आणि चाल तुमची असेल तर संगीतकार म्हणूनही. १९६९ पासूनची ही संस्था शब्द आणि संगीताची रॉयल्टी गोळा करून वाटते. आपले कितीतरी रॅपर स्वतःला गीतकार समजतच नाहीत आणि तो पैसा मागायला जात नाहीत. तुम्ही शब्दांवर जगता. तुमच्याइतका गीतकार कोण आहे?

आता तो करार. तो घ्यावा की फेकावा, असं तुम्ही विचारता, पण मधली जागा मोठी आहे. समोरून आलेला पहिला मसुदा हा बोलणीचा आरंभ असतो. कंपनीच्या वकिलाने त्यांच्या सोयीचा लिहिला आहे, तुम्ही तुमच्या सोयीचं मागा. जुनी गाणी करारातून पूर्ण बाहेर ठेवा, ही पहिली मागणी. ती गाणी त्यांच्या पैशाने झालेली नाहीत, त्यांच्यावर त्यांचा हक्क का असावा? नव्या गाण्यांसाठी मालकी कायमची देण्याऐवजी ठरावीक वर्षांचं लायसन्स द्यायची तयारी दाखवा. त्याला ते नाहीच म्हणाले, तर किती वर्षांनी हक्क परत येतील हे लिहून मागा. तीन वर्षांत किती गाणी द्यायची तो आकडा हवा, आणि त्यांनी ती किती महिन्यांत प्रसिद्ध करायची याची मुदत हवी. नाहीतर गाणी त्यांच्या कपाटात पडून राहतात आणि तुम्हाला दुसरीकडेही काही काढता येत नाही. शोच्या कमाईत त्यांचा वाटा आहे का, ते बघा. असेल, तर शो ते मिळवून देणार आहेत का, ते विचारा. हिशेब तपासायचा हक्क मागा.

अ‍ॅडव्हान्सचा आकडा मोठा दिसतो म्हणून सांगते, तो तुमच्याच पुढच्या रॉयल्टीतला पैसा असतो. तो वसूल होईपर्यंत हातात काही पडत नाही, आणि बऱ्याच करारांत व्हिडिओ आणि प्रमोशनचा खर्चही तुमच्याच खात्यावर चढतो. कुठला खर्च तुमच्या माथी मारता येईल आणि त्याआधी तुमची लेखी संमती लागेल का, हे कलम अ‍ॅडव्हान्सच्या आकड्याहून महत्त्वाचं आहे.

कायदा तुमच्या बाजूने बराच आहे, फक्त तो माहीत हवा. कॉपीराइट लिहून देताना कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदला, हे लेखी असावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते सुटतात. म्हणूनच कंपन्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण विश्वात’, ‘न वापरले तरी’ असे शब्द खच्चून भरलेले असतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू लावून धरली, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क लिहून घेताच येत नाही. त्यात कंपनीबरोबर समान वाटा तुमचा. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हा हक्क शब्द आणि चालीचा आहे, मास्टरचा नाही, हे ध्यानात ठेवून बोलायला बसा. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा फी देऊन मसुदा दाखवा. नातलगांतला जमीन-जुमल्याचा वकील यासाठी उपयोगाचा नाही, आणि कंपनीने सुचवलेला तर नकोच.

हे मागितल्यावर कंपनी निघून गेली तर? जाऊ द्या. एक गाणं चाललंय, शो मिळताहेत, शब्द तुमच्या हातात आहेत. आणि त्यांनी निम्म्या गोष्टी मान्य केल्या, तर तीन वर्षं दुसऱ्याच्या पैशाने धंदा शिकायला मिळेल. त्यात नोकरपणा मला दिसत नाही.

मित्रांबद्दल. तुम्ही चौघांनी मिळून काम करून नफा वाटायला सुरुवात केली, तर कागद नसला तरी कायद्याच्या लेखी ती भागीदारी ठरू शकते. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांचा सारखा. तुमचं नाव, तुमचा आवाज, तुमची आठ-दहा वर्षं, तरी सारखा. शिवाय फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी बांधील असतो. एकाने व्हिडिओसाठी उधारी केली, तर सावकार तुमच्याही दारात उभा राहू शकतो. म्हणून लेबल काढायचंच ठरलं, तर २००८ च्या कायद्याखालची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा आणि त्यात दोन गोष्टी आधी लिहा: कोण सोडून गेला तर त्याच्या वाट्याचं काय, आणि तुमची स्वतःची गाणी कंपनीची की तुमची. माझ्या मते ती तुमचीच असावीत, कंपनीला फक्त लायसन्स द्या. कंपनी बुडाली तर गाणी तिच्यासोबत बुडू नयेत. ही बोलणी मित्रांशी करताना जीभ जड होईल. तरी करा. ज्याला या कागदाचा राग येईल, त्याच्याशी आणखी थोडं बोला. त्याला तुमच्यावर अविश्वासाची भीती असेल, किंवा आपला वाटा कमी निघेल ही धास्ती असेल. दोन्ही आत्ताच समोर आलेलं बरं.

बाबांचे पैसे घेऊ नका. याबाबतीत मला काहीच तोलून बघावंसं वाटत नाही. नव्या लेबलचा पैसा बहुतेक व्हिडिओत जातो, आणि नव्या आर्टिस्टच्या पहिल्या व्हिडिओतून तो परत येईलच असं म्हणता येत नाही. तुम्ही कमावत्या वयात आहात, ते नाहीत. शोच्या कमाईतला ठरावीक हिस्सा बाजूला टाका आणि त्यात बसेल तेवढंच काम करा. अमेरिकेतल्या निप्सी हसलने २०१३ मध्ये एक मिक्सटेप नेटवर फुकट ठेवली आणि तिच्याच हजार प्रती शंभर-शंभर डॉलरला विकल्या. स्वतः जे-झीने त्यातल्या शंभर घेतल्या. ते जमलं ते खर्चिक व्हिडिओमुळे नव्हे. आपल्या पाठीशी ठाम उभी राहणारी माणसं किती आहेत, हे त्याला नेमकं माहीत होतं. तुमची किती आहेत? शोला परत परत येणारे, टी-शर्ट विकत घेणारे, गाण्याचे शब्द पाठ असणारे. तो आकडा व्ह्यूजमध्ये दिसत नाही. तो मोजायला लागा.

आणि आता तो १७ वर्षांचा मुलगा. माझा जीव सगळ्यात जास्त त्याच्यात अडकला आहे.

कायद्याचं आधी. १८ पूर्ण होईपर्यंत त्याने केलेला करार मुळातच टिकत नाही. तो आज तुमच्या कागदावर सही करेल, पण त्या सहीला अर्थ नाही, आणि त्याच्या आई-वडिलांना अंधारात ठेवून केलेल्या गोष्टीला तर चांगलं नावही देता येणार नाही. पण कायदा बाजूला ठेवू. तुम्ही लिहिता, तो तुमच्यापेक्षा भारी आहे. मोठेपणा लागतो असं लिहायला. मग त्याला जो कागद तुम्ही देणार आहात, त्यात त्याची गाणी कुणाच्या नावावर असतील? किती वर्षं? शोमधला वाटा? तुमच्या मनातल्या मसुद्यात ‘सगळे हक्क लेबलकडे’ असं असेल, तर ज्या कलमाने तुमचं डोकं फिरलं तेच कलम तुम्ही तुमच्याहून अकरा वर्षांनी लहान पोरापुढे सरकवताय. फरक एवढाच, की त्याच्याकडे अ‍ॅडव्हान्सही नाही आणि नाही म्हणायची हिंमतही नाही, कारण तुम्ही त्याचे दादा आहात. कंपनीच्या माणसाला तुम्ही परके आहात. या मुलाला तुम्ही परके नाही, म्हणून तुमचा शब्द त्याच्यावर जास्त चालतो आणि तुमची जबाबदारीही जास्त आहे.

इथेच तुमच्या लेबलची परीक्षा घेता येईल. पुढचे सहा महिने त्याचं एक गाणं, एकच, तुम्ही पूर्ण तडीला न्या. मालकी न घेता. त्याच्या घरी जा, आई-वडिलांना भेटा, काय करणार आहात ते सांगा. बीटचं लायसन्स, आवाजाचं मिक्सिंग-मास्टरिंग, कव्हर, त्याच्या आणि पालकांच्या नावाने डिस्ट्रिब्युटरचं खातं, प्रसिद्धीची तारीख, रील, एक-दोन शोमध्ये तुमच्याआधी त्याला माइक, आणि शेवटी एका पानावर आलेल्या-गेलेल्या पैशांचा हिशेब. त्याचे पेपर असतील ते आठवडे वगळून. या काळात स्वतःकडे लक्ष ठेवा. त्याचं गाणं चाललं तर पोटात कुठे दुखलं का? पडलं तर तुम्ही त्याच्याशी कसं बोललात? हिशेबाचं पान लिहायला बसलात की टाळत राहिलात? आणि त्या सहा महिन्यांत तुमच्या वहीत नवीन काय उतरलं? वही कोरी राहिली आणि तरी तुम्ही खुशीत असाल, तर तुमचा कल बदलतो आहे, आणि तो बदलण्यात काही वाईट नाही. वही कोरी राहिली आणि तुम्ही चिडचिडे झालात, तर आज लेबल नको. टेक नाइनसारखं आधी माणूस शोधा.

‘संपला’ म्हणणाऱ्यांबद्दल मी फार लिहीत नाही. २०१७ मध्ये जे-झीने नवा अल्बम काढला तेव्हा तो ४७ वर्षांचा होता, कंपन्या चालवत होता, आणि त्या गाण्यांत त्याने स्वतःच्या संसारातल्या चुकांवर लिहिलं. धंद्यात शिरलेल्या माणसाला लिहिता येतं. वेळ वेगळा काढून ठेवावा लागतो, इतकंच. आठवड्यातल्या ठरावीक सकाळी फोन बंद, हे आजपासूनच सुरू करता येईल. त्यासाठी कंपनी असावी लागत नाही आणि करारही.

कंपनीला उद्या मेल पाठवा. दोन ओळी पुरेत: मसुदा मिळाला, रस आहे, वकिलाला दाखवून तीन आठवड्यांत लेखी मुद्दे पाठवतो. ‘आत्ता सही नाही तर ऑफर गेली’ असं उत्तर आलं, तर तो मेलही जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. रविवारी मित्रांना बोलवा, गाण्यांचा तो कागद मधे ठेवा आणि टक्क्यांपासून सुरुवात करा. सहा महिन्यांनी, त्या मुलाचं गाणं बाहेर आल्यावर, मला परत लिहा. तेव्हा तुमचा प्रश्न बराच लहान झालेला असेल, आणि आपल्याला नेमक्या कलमांवर बोलता येईल.